हक्काच्या चार मेंढ्या

कस्तुरानं आठवं उद्दिष्ट खोडलं, त्याच्या जागी दोन नवी लिहिली आणि पहिल्यापासून पुन्हा मोजलं. अकरा झाली. कमी करायला बसलं की वाढायची, असं सकाळपासून तिसऱ्यांदा होत होतं.

कागद छापील होता. वर 'पुढील वर्षाची कार्य-उद्दिष्टे' असं ठळक अक्षरात, खाली रकाने. दौलताबादच्या रस्त्यावरच्या त्या कोरडवाहू पीक संशोधन केंद्रात मार्च महिना असाच जायचा. बाहेर उन्हाळी बाजरी गुडघ्याला आलेली असायची आणि आत शास्त्रज्ञ रकाने भरत बसायचे. जुनी मंडळी यात मुरलेली. सरत्या वर्षात जे काम होऊन गेलं तेच ती पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट म्हणून लिहायची, म्हणजे पुढच्या मार्चला शंभर टक्के पूर्ण आणि डोक्याला ताप नाही. केंद्रप्रमुख नानासाहेबांनी ही युक्ती कस्तुराला पहिल्याच वर्षी सांगितली होती, अगदी घरच्या मुलीला सांगावी तशी. पण कस्तुरा नवी. तिच्याजवळ होऊन गेलेलं काम फारसं नव्हतं आणि नाही म्हणायची जीभ तर मुळीच नव्हती. अडीचशे संकर करीन, असं तिनं लिहून टाकलं. तीन शोधनिबंध लिहीन. बियाण्याच्या कोठाराची नोंदवही सांभाळीन, शेतकरी मेळाव्याचा मंडप बघीन, विद्यार्थ्यांच्या सहली फिरवीन, केंद्रप्रमुखांचा मासिक अहवाल तयार करीन. येता-जाता ज्यानं ज्यानं "मॅडम, एवढं तुमच्याकडे घ्या ना," म्हटलं होतं, त्या सगळ्यांची त्या कागदावर उत्तम सोय झाली होती.

नव्हतं ते एकच. तिचं स्वतःचं.

म्हणजे होतं, पण डोक्यात होतं, आणि आजकालचं नव्हतं. लहानपणी सोयगावच्या डोंगराच्या अंगाला ती बापामागं मेंढ्या घेऊन हिंडायची. बाजरी निघालेल्या वावरात मेंढ्या घातल्या की एका वावरातलं सरमाड, म्हणजे कणसं खुडल्यावर उरलेली वाळकी ताटं, त्या बुडख्यापर्यंत साफ करायच्या आणि बांधापलीकडच्या वावरात नुसतं हुंगून पुढं जायच्या. दोन्हीकडं बाजरीच. पाऊस तोच, माती तीच. असं का, हे तिला तेव्हा कळलं नाही आणि पुढं डॉक्टरेट झाली तरी कळलं नाही, कारण बाजरीवर काम करणारे झाडून सगळे कणसं मोजत होते. ताटाविषयी मेंढीचं मत कुणी घेतलंच नव्हतं. केंद्राच्या शेतात दर पावसाळ्यात बाजरीची साठ वाणं उभी राहायची. त्यांतल्या कुठल्या वाणाचं सरमाड मेंढ्या खातात आणि कुठलं टाकतात, एवढंच तिला बघायचं होतं. दाणाही भरपूर आणि सरमाडही गोड असं एक वाण जरी सापडलं, तरी तिच्या बापासारख्या कितीजणांचा उन्हाळा सुखाचा जाईल, हे ती आरशापुढं शंभरदा बोलली होती. नानासाहेबांपुढं उभी राहिली की भलतंच काहीतरी बोलून परत यायची.

गेल्या वर्षी ते लिहायचं राहिलं. यंदा राहिलं तर कायमचंच राहणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या वर्षी नोकरी कायम होणार, मग माणूस मुरतो, आणि मुरलेल्या माणसांना ती रोज बघत होती.

बारावं म्हणून घुसडावं का, असा विचार करत ती पेन दातात धरून बसली असताना, शेतावर कामाला असणारी भागूबाई दारात आली. गेटवर तुमचे वडील आलेत, असं तिनं सांगितलं, आणि ते तुम्हाला नाही, साहेबाला विचारायलेत.

कस्तुरा धावतच गेली. मुंजाबा नवाकोरा पटका बांधून उभा होता, लग्नाला नाहीतर कोर्टात जावं तसा. सोयगावची पहिली एसटी धरून आलेला. हातात बायकोनं, म्हणजे बानाबाईनं, बांधून दिलेली भाकरी. आईचं काही दुखलं-खुपलं का, हेच कस्तुरानं आधी विचारलं. तसं काही नव्हतं.

"आज तुझं साल ठरायचं हाय ना?" तो म्हणाला. "मंग म्या नको?"

तिला आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा हसावं का तिथंच जमिनीत जावं, ते कळेना. दोन दिवसांपूर्वी फोनवर तिनंच सांगितलं होतं, की शुक्रवारी साहेबापुढं वर्षाचं काम ठरवायचंय आणि सही करायचीय. रविवारी पाडवा होता. मुंजाबानं एका मोठ्या कळपाच्या मालकाकडं एकवीस वर्षं सालगडी म्हणून मेंढ्या राखल्या होत्या. सालगड्याचं वर्ष पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच नवं ठरतं. वर्षाचं काम, साहेब, सही, वर पाडवा तोंडावर. यापुढं त्या बिचाऱ्यानं आणखी काय समजून घ्यायचं?

आणि त्यांच्याकडचा दस्तूर असा, की ज्याचं साल ठरायचं त्यानं स्वतः बोलायचं नाही. त्याच्या वतीनं घरचं वडीलधारं माणूस बोलतं आणि तो खाली मान घालून बसतो. मुंजाबाच्या वेळी त्याचा चुलता बोलायचा. कारण अगदी साधं आहे. माणूस आपल्या तोंडानं आपलं बोलायला लागला की भिडेपोटी व्हय व्हय करत जातो आणि वर्षभर निस्तरत बसतो.

कस्तुरानं बापाला व्हरांड्यात धरून समजावलं. ही सरकारी नोकरी आहे, इथं कुणी मालक नाही, साहेबसुद्धा आपल्यासारखाच पगारी आहे. मुंजाबानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कागद कुणा जाणत्याला दाखवला का, एवढंच विचारलं. नव्हता दाखवला. किती कामं कबूल केलीस? तिनं अकरा म्हटलं. त्यावर बापानं तिच्याकडं नुसतं बघितलं आणि ती पुढचं समजावायचं विसरून गेली.

तेवढ्यात नानासाहेब खोलीतून बाहेर आले.

नानासाहेब गंगापूरकडचे, जमीनजुमला असलेल्या घरातले. नोकरीची एकतीस वर्षं झालेली, दोन उरलेली. पँटीची इस्त्री कडक आणि माणूस मऊ, अशी त्यांची ख्याती होती. कस्तुरानं घाईघाईनं काय घोटाळा झाला तो सांगितला, माफी मागितली आणि आबांना स्टँडवर सोडून येते म्हणाली. नानासाहेबांनी त्या नव्याकोऱ्या पटक्याकडं बराच वेळ बघितलं. त्यांच्या घरीही पाडव्याला सालं ठरायची. ओसरीवर वडील बसलेले, समोर गड्यांच्या बाजूनं बोलणारी म्हातारी माणसं, आणि खांबाआड हे पोरवयातले नानासाहेब कान देऊन उभे. ते दिवस आठवून असेल, नाहीतर रकान्यांचा कंटाळा आला म्हणून असेल, त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"या बाबा, आत या," ते म्हणाले. "ठरवू साल. पण मग दस्तूर तो दस्तूर. हिनं तोंड उघडायचं नाही."

"तेच तर सांगायलोय तिला मघापासून," मुंजाबा म्हणाला.

विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळवलेली कस्तुरा मग कोपऱ्यातल्या खुर्चीत खाली मान घालून बसली.

रिवाजाप्रमाणं बोलणं कामापासून सुरू होत नाही, सुट्टीपासून होतं. मुंजाबानं तिथूनच धरलं. कुळाच्या देवाची जत्रा, दिवाळी, आईचं दुखणं-बाणं. एवढ्या वेळी पोरगी घरी आली पाहिजे. नानासाहेब म्हणाले, मी कधी अडवलं? हिनं दोन वर्षांत एक रजा घेतलेली नाही, सगळ्या जशाच्या तशा पडल्यात. मुंजाबाला हे नवीन होतं. साहेब सोडत नाही म्हणून जत्रा हुकली, असं त्याला दोन्ही वर्षी फोनवर सांगण्यात आलं होतं. त्यानं मान वळवून लेकीकडं बघितलं आणि नानासाहेबांनीही बघितलं. कस्तुराची मान आणखी दोन बोटं खाली गेली. जत्रेची रजा तिथल्या तिथं कबूल झाली.

मग नानासाहेबांनी कागद वाचायला घेतला. मुंजाबा बोटांची पेरं धरत ऐकत होता. अडीचशे संकर, यापाशी त्यानं थांबवलं. संकर म्हणजे काय, ते काम कसं करतात, किती दिवस चालतं, हे सगळं त्यानं खोदून विचारलं. नानासाहेबांनी सांगितलं: फुलोऱ्यात यायच्या आधी कणसाला कागदी पिशवी घालायची, मग एकाचे पराग दुसऱ्यावर झटकायचे, पुन्हा पिशवी बांधायची, आणि फुलोरा असतो जेमतेम तीन आठवडे. एकटीनं? एकटीनंच. मुंजाबानं डोळे मिटून मनाशी काही जुळवलं.

"सायेब, येक माणूस दिसाला ईस मेंढरं कातरतो," तो म्हणाला. "चाळीस कातरीन म्हणला, तर तो लोकर न्हाय, कातडं कातरतो."

नानासाहेब हसले आणि त्यांनी अडीचशेचे शंभर केले.

पुढं मुंजाबानं प्रत्येक कामाला एकच प्रश्न लावला: हे कुणाचं काम? कोठाराची नोंदवही कुणाची? कोठाराच्या कारकुनाची, पण ती जागा रिकामी आहे. मेळाव्याचा मंडप? तो विस्तार विभागाचा, पण त्यांच्याकडं माणसं नाहीत. मुंजाबा म्हणाला, आमच्यात याला घरचं पाणी म्हणतात. गडी मेंढ्या राखायला ठेवायचा आणि मालकिणीनं हळूच घागर हातात द्यायची, की जाता जाता तेवढं पाणी आण. पाणी आणायला कुणाची ना नाही, पण माणूस आडावर असताना लांडगा काय थांबतो का? नानासाहेबांनी नोंदवही खोडली, मंडप खोडला, सहलींवर आणि असल्याच आणखी दोन कामांवर रेघ मारली. नववं काम वाचताना त्यांचा आवाज जरासा बसला. केंद्रप्रमुखांचा मासिक अहवाल.

"हे कुणाचं?" मुंजाबानं विचारलं.

"हे माझं," नानासाहेब म्हणाले, आणि सगळ्यात जाड रेघ त्यांनी तिथं मारली.

अकराची पाच उरली. कोपऱ्यात बसलेल्या कस्तुराला हसू आवरेना आणि डोळ्यांतही पाणी येऊ लागलं. दोन वर्षं जे ओझं ती आपलंच समजून वाहत होती, ते बापानं पाऊण तासात उतरवलं होतं, आणि कुणी रागावलंही नव्हतं. साहेब तर उलट मजेत दिसत होते. त्यांनी सहीसाठी पेन पुढं केलं.

मुंजाबानं पेन हातानं बाजूला सारलं. अजून मेंढ्या राहिल्या, तो म्हणाला.

नानासाहेबांना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडं शेतीचे सालगडी असत, मेंढ्यांचे नव्हेत. मुंजाबानं सांगितलं ते असं. मेंढ्या राखणारा गडी सालाला बसतो तेव्हा त्याच्या स्वतःच्या चार मेंढ्या मालकाच्या कळपात चरतील, असं आधी ठरतं. त्या चार त्याच्या हक्काच्या, त्यांची कोकरंही त्याची. हे कबूल नसेल तर कुणी शहाणा माणूस सालाला बसत नाही, आणि शहाणा मालक बसवून घेत नाही.

"मालकाचं यात काय भलं होतं?" नानासाहेबांनी विचारलं. ते आता टेबलावर पुढं झुकले होते.

"दोनशे मेंढरं राखायची तर ध्यान पायजे, सायेब. पगारानं माणूस हजर ऱ्हातो, ध्यान ऱ्हात न्हाय. आपल्या चार त्यात असल्या, की दोनशेवर नजर ऱ्हाती."

नानासाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग कोपऱ्याकडं बघून म्हणाले, "तुझ्या चार कुठल्या?"

कस्तुरानं बापाकडं बघितलं. तिला तर बोलायचं नव्हतं.

"आता बोल," मुंजाबा म्हणाला. "साल दुसऱ्यानं ठरवावं. मेंढ्या ज्याच्या त्यानंच वळखाव्या लागत्यात."

आणि कस्तुरा बोलली. आरशापुढं बोलायची तसं नाही, अडखळत, मधलंच आधी सांगत, पण बोलली. दोन वावरांची गोष्ट सांगितली. साठ वाणांची ताटं वेगवेगळी वाळवायची, सारख्या वजनाच्या पेंढ्या बांधायच्या, रोज चार-चार वाणं पुढं ठेवायची आणि काय उरतं ते तोलायचं. एक वर्ष पुरेल. औषध नको, यंत्र नको. फक्त, ती म्हणाली, आणि थांबली.

"फक्त काय?"

"मेंढ्या लागतील, सर. खऱ्या. कमीत कमी चार."

नानासाहेबांनी एकदा लेकीकडं आणि एकदा बापाकडं बघितलं. या दोघांनी आधी ठरवून हा डाव टाकला असावा, असा संशय त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला. पण मुंजाबाचंही तोंड उघडंच राहिलं होतं. पोरीच्या डोक्यात हे आहे, हे त्या दिवसापर्यंत त्यालाही माहीत नव्हतं. तिघंही हसायला लागले, आणि नानासाहेब तर इतके, की शिपाई दारातून डोकावून गेला.

हसू ओसरल्यावर मात्र ते गंभीर झाले. पिकांच्या केंद्रात मेंढ्या कधी आलेल्या नाहीत. कुंपण, चारा, राखण, वर मुख्यालयातून शंभर प्रश्न. आजवर त्यांच्या कागदावर कुणी बोट ठेवलेलं नव्हतं आणि दोन वर्षांत निवृत्ती होती. पाच वाजता सगळे कागद वर पाठवायचे होते. बघतो, ते म्हणाले. सरकारी कचेरीत 'बघतो' या शब्दाचा अर्थ काय होतो, हे कस्तुराला दोन वर्षांत पुरतं कळलं होतं. तिनं मान डोलावली आणि उठली.

मुंजाबा उठता उठता थांबला. त्याला एक शंका होती. "सायेब, तुमी बी पगारीच, आसं ही म्हणती. मंग तुमचं साल कुणापुढं ठरतं?"

"मुख्यालयात. सोमवारी आहे."

"आन तुमच्या मेंढ्या किती?"

नानासाहेब कागद नीट लावत होते. लावलेलेच कागद त्यांनी पुन्हा एकदा नीट लावले. मग त्यांनी शिपायाला हाक मारून बाबांना चहा द्यायला सांगितलं.

बापलेक शेताच्या बांधावर लिंबाखाली जेवायला बसले. बानाबाईनं बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा आणि कांदा दिला होता. समोर उन्हात देवगिरीचा डोंगर धुरकट दिसत होता. साहेबांनी नाही म्हटलं तर नाही, कस्तुरा म्हणाली, आणि ते म्हणताना तिला स्वतःचंच नवल वाटलं, कारण वाईट वाटत होतं आणि तरी तिला भूक सडकून लागली होती. इतकं हलकं तिला नोकरी लागल्यापासून वाटलं नव्हतं. तोंडातून एकदा बाहेर पडलं होतं ना, मग आता ते परत आत जाणार नव्हतं. यंदा नाही तर पुढच्या मार्चला, त्याच्या पुढच्या मार्चला ती तेच लिहिणार होती.

मुंजाबाचं वेगळंच चाललं होतं. त्याला त्या साठ पेंढ्या डोळ्यांपुढं दिसायला लागल्या होत्या. भाकरीचा घास हातात धरून त्यानं विचारलं, समज, मेंढ्यांनी साठच्या साठ सारख्याच खाल्ल्या तर? कस्तुरा म्हणाली, मग तसं लिहायचं, की फरक आढळला नाही.

"आन मालक काय म्हणतो त्याला?"

"काही नाही. खरं असलं म्हणजे झालं."

मुंजाबा चाट पडला. एकवीस सालं त्यानं केली, पण काय होईल ते ठाऊक नाही म्हणूनच ज्याला कामाला ठेवतात, असा गडी त्यानं जन्मात ऐकला नव्हता. चुकलं तरी चालतं, फक्त खोटं चालत नाही? कस्तुरानं व्हय म्हटलं. तो स्वतःशीच हसत राहिला. लई झ्याक काम हाय तुझं, तो म्हणाला, आणि हे आईला सांगितलंच पाहिजे म्हणून त्यानं तिच्याकडून फोन लावून घेतला. बानाबाईला पलीकडून काही पटलं नाही. तिनं फक्त जत्रेला पोरगी येणार का, हे तीनदा विचारून खात्री करून घेतली.

उन्हं कलायला लागली तेव्हा नानासाहेब स्वतः बांधाबांधानं येताना दिसले. कागद शिपायाच्या हाती पाठवायची पद्धत होती. त्यांच्या पँटीला गुडघ्यापर्यंत धूळ लागली होती आणि त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. जवळ येऊन त्यांनी कागद कस्तुराच्या हातात दिला आणि सही कर म्हणाले.

पाच उद्दिष्टं तशीच होती. खाली त्यांच्या वळणदार अक्षरात सहावं लिहिलेलं: 'बाजरीच्या साठ वाणांचे सरमाड मेंढ्या कितपत आवडीने खातात याची पाहणी.' कस्तुरानं ते दोनदा वाचलं. अक्षरं हलायला लागली म्हणून तिनं डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा वाचलं. मग तिचं लक्ष शेवटच्या रकान्याकडं गेलं. तिथं 'मेंढ्या' असं लिहून पुढं आधी 'चार' लिहिलेलं होतं. ते खोडून वर 'सहा' केलं होतं आणि शेजारी साहेबांची बारीक सही होती. आजचा दिवस खोडाखोडीचाच होता. काहीतरी चूक झाली असावी, असं तिला वाटलं. उगीच जास्तीच्या दोन मेंढ्यांवरून मुख्यालय अडवेल, अशीही भीती वाटली.

"सर, चारांत भागतं," ती म्हणाली. "मी चारच म्हटलं होतं."

"तुझ्या चारच आहेत," नानासाहेब म्हणाले.

ते बाजरीकडं बघत होते. कस्तुरानं आणखी काही विचारायला तोंड उघडलं, पण मुंजाबानं तिच्या हातावर हात ठेवला. त्याला आधी समजलं होतं.

"वळखल्या का मंग?" त्यानं विचारलं.

"एक ओळखली," नानासाहेब म्हणाले. "एकतीस वर्षांनी दिसली, पण ओळखली. दुसरी अजून लांब आहे."

"येती ती बी. जरा बसावं लागतं."

नानासाहेब बांधावर बसले.